गळाला लागली झिरमिळी!

"थांब! ओढू नकोस! माझी टोपी आहे ती!"

मार्ता जिवाच्या आकांताने ओरडली, पण रूबेनने काठी सपकन ओढलीच. मार्ताची लाल लोकरी टोपी डोक्यावरून उडाली, हवेत तिने एक गिरकी घेतली आणि ऑटर नदीच्या गढूळ पाण्यात जाऊन पडली.

"पहिला मासा!" येंगने टाळ्या पिटल्या. "जात लोकरी, तब्येत जरा ओली!"

"हसतोस काय? काढ ना ती!"

येंग थाओने आपली काठी उचलली, मनगटाला एवढासा झटका दिला आणि वाहत चाललेली टोपी बरोबर गळात अडकवून काठावर आणली. तो मार्ताच्याच वर्गातला. त्याच्या घरी आजीपासून धाकट्या बहिणीपर्यंत सगळेच गळ टाकण्यात पटाईत. रूबेन मात्र मार्ताचा आतेभाऊ, अकरा वर्षांचा आणि पक्का मिलवॉकीचा शहरी. ईस्टरच्या सुट्टीत तो बार्कर्स बेंडला आला होता. मासा त्याने आजवर पाहिला होता तो फक्त ताटात!

"हे बघ," मार्ता टोपी पिळत म्हणाली, "आधी काठीमागे कोण उभंय ते बघायचं. मगच टाकायचं. आणि एवढ्या जोरात कशाला? नदीला मारायचंय का तुला?"

"मला वॉलाय मासा पकडायचाय! मोठा! डोळे चमकणारा!"

"मग हळू घे. पाणी अजून बर्फासारखं गार आहे. अशा पाण्यात वॉलाय आळशी असतो. सोमवारी सकाळी तू शाळेत जाताना असतोस ना, तस्सा. तो काही धावत येणार नाही. त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवावं लागतं."

तिने रूबेनच्या दोऱ्याला नवा गळ बांधला. शिशाचं वाटाण्याएवढं डोकं, खाली आकडा, आकड्याला एक चिमुकली मासळी. "आता तळाला जाऊ दे. टक् असं बोटाला कळेल. मग वीतभर उचल, परत टेकव. उचल, टेकव. तळ सोडायचा नाही."

"आणि टाकू कुठे?"

"ती रेघ दिसते? एका बाजूला पाणी पळतंय, दुसऱ्या बाजूला निवांत आहे. वॉलाय निवांत बाजूला बसतो आणि पळत्या पाण्यातून जेवण कधी येतंय याची वाट बघतो."

"आयतोबा आहे नुसता!" रूबेन म्हणाला. "बरं, चावला की कळतं कसं?"

"कळतच नाही," येंग म्हणाला. "दोऱ्याला ओलं पान चिकटल्यासारखं वाटतं, बस. एवढंच."

"जाजा काय म्हणतात माहितीये?" मार्ता बोलून गेली. "काहीतरी वेगळं वाटलं की उचल. काय वेगळं, ते नंतर बघ."

आणि तिची नजर घराकडे वळली. जाजा म्हणजे तिचे आजोबा. नोवाकांच्या घरात हा शब्द पोलंडहून आला होता आणि चार पिढ्या टिकला होता. दर वर्षी मोसमातला पहिला गळ जाजांनीच टाकायचा, असं ठरलेलं. या वर्षी मात्र ते नदीकडे फिरकलेच नव्हते. स्वयंपाकघरात पडदा ओढून बसले होते.

झालं होतं ते असं. बार्कर्स बेंडच्या शेजारी मैलभर पसरलेली पाणथळ होती. बर्फ वितळलं की नदी फुगायची आणि एका चरातून पाणी पाणथळीत शिरायचं. त्याच्याबरोबर वॉलायच्या माद्या आत जायच्या आणि गेल्या वर्षीच्या वाळक्या गवतावर लाखो अंडी घालून परत यायच्या. त्या अंड्यांवरून पाणी सतत वाहतं राहायला हवं. साचलं, की अंडी गुदमरून मेलीच! या चराला एक फाटक होतं. फाटक म्हणजे एकावर एक बसवलेल्या सहा जाड फळ्या. दर वसंतात त्या आकड्याने उचलून काढायच्या, शेडमध्ये रचायच्या, आणि उन्हाळ्यात पुन्हा बसवायच्या. गेली एकतीस वर्षं हे काम जाजांकडे होतं. फाटकाच्या साखळीची पितळी किल्ली त्यांच्या गळ्यात असायची.

या वर्षीही जाजांनी फळ्या काढल्या. मासे आत गेले, अंडी घालून झाली. आणि मंगळवारी चरातलं पाणी अचानक थांबलं!

मासेमार मंडळाचे अध्यक्ष अर्ल बॉमगार्ट फाटकावर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी गढूळ पाण्यात वल्हं खुपसलं. ठक्! "ऐकलंत? लाकूड! एक फळी आतच राहिलीय आणि तिला सगळा कचरा अडकलाय!" मग शेडमध्ये जाऊन फळ्या मोजल्या. पाच! सहावी नाहीच!

"म्हातारा विसरला हो," लोक एकमेकांत कुजबुजले. "वय झालं."

जाजा आधी ठामपणे म्हणाले, "मी सहा काढल्या." पण संध्याकाळी मार्ताने पाहिलं तर ते टेबलाशी बसून बोटांवर काहीतरी मोजत होते. नाताळात त्यांचा चष्मा फ्रिजमध्ये लोण्याशेजारी सापडला होता. तेव्हा सगळे पोट धरधरून हसले होते. आता कुणाला हसू येत नव्हतं.

"मार्ता," ते हळूच म्हणाले होते, "सहाच मोजल्या होत्या ना गं मी? मला आता खात्रीच वाटत नाही."

 जाजांना खात्री नाही? नदीत कुठल्या दगडामागे किती पाणी आहे हे डोळे मिटून सांगणाऱ्या जाजांना?

फाटक उपसायचं यंत्र सोमवारी येणार होतं. आज होता गुरुवार. मत्स्यरक्षक इंगा ऑस्टबी पाणथळ बघून म्हणाल्या होत्या, "अंडी अजून जिवंत आहेत. पण दोन दिवस, फार तर तीन." आणि उद्या, शुक्रवारी, मंडळाच्या जेवणाच्या वेळी जाजांकडून किल्ली काढून घ्यायची असं ठरलं होतं. सगळ्या गावासमोर!

"मार्ता! मार्ता! पान चिकटलं!"

रूबेन किंचाळत होता. त्याचा गळ भलत्याच दिशेला, थेट चराच्या तोंडाशी गेला होता.

"तिथे कुठे टाकलास? तिथे काही मिळत नस... अरे! उचल! उचल काठी!"

काठी वाकली. रीळ करकरलं. रूबेन मागे मागे जाता जाता चिखलात बदकन बसला, पण काठी काही सोडली नाही. येंगने जाळी घातली आणि सोनेरी-हिरवा, हातभर लांब वॉलाय काठावर आला. त्याचे काचेसारखे डोळे उन्हात लखलखले.

"पकडला! मी पकडला!" रूबेन चिखलासकट नाचायला लागला.

"मादी आहे," मार्ताने तिला अलगद धरलं. "हिला सोडायचं. मोठ्या माद्या या दिवसांत आपण घरी नेत नाही."

"पण..."

"पण नाही आणि बिण नाही! फोटो काढ आणि सोड."

मासा शेपटी हलवून नाहीसा झाला. येंग मात्र पाण्याकडे बघत तसाच उभा होता.

"मार्ता, ही इथे काय करत होती?"

"म्हणजे?"

"दर वर्षी इथलं पाणी चरात इतकं जोरात ओढलं जातं की शिसंसुद्धा तळाला टेकत नाही. मासा इथे थांबेलच कसा? आत्ता बघ, पाणी एकदम निवांत आहे."

"कारण फळी अडकलीय. सगळ्या गावाला माहितीये ते," मार्ता कडवट आवाजात म्हणाली.

"एक फळी?" येंगने हाताने उंची दाखवली. "एक फळी एवढीशी. पाणी माझ्या डोक्याएवढं. सहावी फळी तळाशी असली तरी वरच्या पाचांच्या जागेतून पाणी जायला नको?"

मार्ता त्याच्याकडे बघतच राहिली. खरंच की! एका फळीने अडून अडून किती पाणी अडणार? आणि एवढी साधी गोष्ट गावातल्या एकाही मोठ्या माणसाच्या डोक्यात आली नव्हती! लाकूड वाजलं, पाच मोजल्या, जाजा म्हातारे. झालं, संपला विषय!

"काहीतरी वेगळं वाटतंय," ती हळूच म्हणाली.

"मग उचल!" रूबेन ओरडला आणि त्याने पुन्हा गळ फेकला, परत चराच्या तोंडाशीच. या वेळी तो कशात तरी गच्च रुतला. रूबेन ओढू लागला.

"सरळ ओढू नकोस, तुटेल!" येंगने त्याला अडवलं. "अडकलेला गळ समोरून ओढला की आणखी रुततो. फिरून पलीकडे जा आणि उलट्या बाजूने ओढ."

रूबेन चराला वळसा घालून धावला आणि पलीकडून ओढू लागला. दोरा ताणला, सैल पडला आणि गळ सुटून वर आला. गळाला काहीतरी चमचमत होतं.

चंदेरी झिरमिळी! नाताळच्या झाडावर टाकतात ती!

"एप्रिलमध्ये नाताळ?" रूबेनने डोळे विस्फारले.

"आणि हे बघ," मार्ताने आकड्यातून हिरव्या-तपकिरी सुया काढल्या. तिने त्या चुरडून वासही घेतला. "सुरूच्या झाडाच्या आहेत. थांबा, थांबा! येंग, तुझ्या मामांची ती जाड दोऱ्याची काठी आण. आणि सगळ्यात मोठा तीन तोंडांचा आकडा!"

"लोक गळ अडकू नये म्हणून देवाला विनवतात," येंग पळता पळता म्हणाला, "आणि आपण मुद्दाम अडकवणार!"

तिघांनी तरंगणारी जाकिटं घट्ट बांधली. त्याशिवाय फाटकाकडे पाऊल टाकायचं नाही, असा जाजांचा दंडक होता. अर्धा तास खटाटोप केल्यावर येंगच्या आकड्याला एक लांबलचक फांदी लागली. फांदीला होती झिरमिळी, आणि तारेने बांधलेला लाल बिल्ला. त्यावर आकडा: ४१.

मार्ताने बिल्ला पुसला आणि ती मटकन खालीच बसली.

"हे चर्चमध्ये गोळा केलेल्या झाडांपैकी आहे! अरे, जानेवारीत मंडळाची माणसं सगळ्या गावाची नाताळची झाडं तिथे गोळा करून प्रत्येकाला असा आकड्याचा बिल्ला लावतात ना? चार-चार झाडांची मोळी बांधायची, मोळीला सिमेंटचे दोन ठोकळे लटकवायचे आणि वरच्या तळ्याच्या बर्फावर ठेवून द्यायच्या. बर्फ वितळलं की मोळ्या बुडतात. मग लहान माशांना लपायला घर मिळतं."

"तळं तर दोन मैल वर आहे," येंग म्हणाला. "ठोकळे बांधलेली मोळी दोन मैल वाहत येईल?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या क्षणी तिघांच्या सायकली मंडळाच्या आवाराकडे सुसाट निघाल्या.

मागच्या भिंतीशी एक ताडपत्री होती. येंगने तिचं टोक उचललं. खाली रचून ठेवले होते सिमेंटचे ठोकळे. कोरे करकरीत. रूबेनने मोजले. बरोबर बारा.

"बारा म्हणजे सहा मोळ्या," मार्ता म्हणाली. "सहा मोळ्या वजनाशिवायच ठेवल्या! बर्फ वितळलं, मोळ्या तरंगल्या, पुराबरोबर खाली आल्या आणि चराच्या तोंडात..."

"बूच!" रूबेनने तोंडाने आवाज काढला. "आणि वल्ह्याला वाजलं ते फळीचं नव्हे, बुंध्याचं लाकूड!"

"झाडांचं काम कुणाकडे होतं?" येंगने विचारलं. उत्तर त्यालाही ठाऊक होतं. मिस्टर बॉमगार्ट!

"पण फळी?" मार्ताचा चेहरा पुन्हा उतरला. "झाडं सापडली तरी फळ्या पाचच आहेत. सगळे म्हणणार, सहावी झाडांखाली असेल. जाजासुद्धा तेच म्हणतील."

तरी पण सांगायला तर हवं होतं. मिस्टर बॉमगार्ट त्यांच्या तराफ्यावर होते. नदीकाठाला असे दहा-बारा तराफे बांधलेले असत. प्रत्येकावर एका खोलीचं लाकडी घर, आत शेगडी, बाहेर गळ टाकायला कठडा. मोसमभर बार्कर्स बेंडचे लोक घरी कमी आणि तराफ्यावर जास्त. मिस्टर बॉमगार्ट म्हणजे गोल चेहऱ्याचा, मोठ्या आवाजाचा, कुणालाही चहा-कॉफीला बोलावणारा माणूस. मनाने वाईट मुळीच नव्हते. फक्त कुठलंही काम शेवटपर्यंत नेणं त्यांना जमत नसे.

"या, या! दालचिनीचे पाव गरम आहेत!"

"मिस्टर बॉमगार्ट, फाटकात फळी नाहीये, नाताळची झाडं आहेत..."

"झाडं?" ते गडगडाटी हसले. "मार्ताबाई, आजोबांवर माया आहे तुझी, मला कळतं. पण झाडं मी स्वतः बुडवलीत. आता हा विषय पुरे. पाव घे."

तेवढ्यात धडपड्या रूबेनचा काठावरून तराफ्यावर येणाऱ्या फळीवर पाय सटकला. तो कसाबसा सावरला, पण त्याचा गळांचा डबा खाली चिखलात पडला. डबा काढायला तो फळीखाली सरपटत गेला. बराच वेळ बाहेरच येईना.

"झोपलास का रे तिथे?" येंगने हाक मारली.

रूबेन बाहेर आला तो अगदी गप्प. सुट्टी लागल्यापासून पहिल्यांदाच गप्प! त्याने मार्ताची बाही ओढली.

"काहीतरी वेगळं वाटतंय," तो कानात म्हणाला. "फळीच्या खालच्या अंगाला पांढऱ्या रंगाने सहाचा आकडा काढलाय. शेजारी एक चिमुकला मासा."

 फाटकाच्या प्रत्येक फळीवर आकडा आणि त्याशेजारी एक चिमुकला मासा! जाजांची खूण! मार्ता तिथेच ओरडणार होती, पण येंगने तिला खेचत सायकलींकडे नेलं.

"आत्ता नाही! आत्ता सांगितलंस तर ते म्हणतील, अरेच्चा, चुकून आली वाटतं. फळी शेडमध्ये जाईल, आणि झाडं? ती सोमवारपर्यंत तिथेच! उद्या दहा वाजता सगळं मंडळ कॉफीला इथेच जमतं. ऑस्टबीबाईही येतात."

त्या संध्याकाळी जाजा जेवले नाहीत. गळ्यातली किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "उद्या लोकांनी मागण्याआधी मीच देऊन टाकतो," म्हणाले. मार्ताला सगळं सांगून टाकावंसं वाटत होतं. जीभ चावून ती गप्प बसली. उद्या हातात पुरावा घेऊनच सांगायचं!

शुक्रवारी दहाला मंडळाची आठ माणसं काठावर जमली होती. मिस्टर बॉमगार्ट हातात कपांची थाळी घेऊन फळीच्या मधोमध उभे होते. ऑस्टबीबाई नुकत्याच पाणथळीतून आल्या होत्या आणि त्यांचा चेहरा काळजीने ओढलेला होता.

मार्ता पुढे झाली. आवाज खणखणीत निघाला.

"मिस्टर बॉमगार्ट, सहावी फळी नक्की फाटकातच आहे?"

"पुन्हा तेच! अगं, माझ्या वल्ह्याला लागलीय ती!"

"आणि दुसरीकडे कुठे सापडली तर?"

"दुसरीकडे?" त्यांनी सगळ्यांकडे बघून डोळे मिचकावले. "दुसरीकडे सापडली, तर मी स्वतः रबरी विजार चढवून त्या बर्फगार पाण्यात उतरेन आणि तिथे जे काय अडकलंय ते माझ्या गाडीला लावलेल्या दोर ओढायच्या विंचने आजच्या आज ओढून काढेन!"

"शब्द?"

"शब्द! आठ साक्षीदार आहेत!"

"मग जरा बाजूला व्हा ना," मार्ता म्हणाली. "तुम्ही तिच्यावरच उभे आहात."

कुणाला काही कळेना. येंग आणि रूबेनने फळीचं टोक धरलं. मिस्टर बॉमगार्ट थाळी सांभाळत कसेबसे काठावर उतरले आणि फळी पालथी झाली. पांढरा आकडा ६. शेजारी चिमुकला मासा.



"ही... ही शेडमध्ये पडली होती," मिस्टर बॉमगार्ट पुटपुटले. "गेल्या शनिवारी तराफा बांधताना मला एक फळी हवी होती. मी वर-खाली बघितलंच नाही."

येंगने ती फांदी पुढे केली. लाल बिल्ला, झिरमिळी, सगळं.

"अर्ल," ऑस्टबीबाई शांतपणे म्हणाल्या, "सगळ्या मोळ्यांना ठोकळे बांधले होतेस ना?"

मिस्टर बॉमगार्ट कानापर्यंत लाल झाले. "बहुतेक. म्हणजे... त्या दिवशी फुटबॉलची मॅच होती हो! साडेअकरा वाजले होते. शेवटच्या सहा मोळ्या राहिल्या होत्या. म्हटलं, झाडं ओली झाली की बुडतीलच आपोआप!"

"विजार चढव," ऑस्टबीबाई म्हणाल्या. "आत्ता."

मार्ता पुढचं ऐकायला थांबलीच नाही. तिने आणि येंगने फळी दोन टोकांना धरली आणि तिच्या घरापर्यंत दोघं ठेचकाळत पळत सुटली. जाजा तसेच पडदा ओढून बसले होते. त्यांच्यापुढे टेबलावर तिने फळी ठेवली. चिखल, ओघळ, सगळ्यासकट.

"जाजा! तुम्ही सहा काढल्या होत्या! सहाच्या सहा! ही बॉमगार्टनी नेली होती तराफ्याला!"

जाजांनी हात पुढे केला. आकड्यावरून बोट फिरवलं, मग माशावरून.

"सहा," ते म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "सहा!" आणि त्यांनी तोंड ओंजळीत लपवलं. मार्ताने त्यांच्या खांद्याला मिठी मारली. तीही रडत होती आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही. गेल्या तीन दिवसांचा छातीवरचा धोंडा एकदम उतरला होता.

"जाजा, रडायला नंतर वेळ आहे," येंग दारातून म्हणाला. "अंडी!"

जाजा ताडकन उठले. किल्ली गळ्यात घातली आणि टोपी विसरून तसेच बाहेर पडले.

फाटकाशी निम्मं गाव लोटलं होतं. मिस्टर बॉमगार्ट छातीभर पाण्यात, दात कडाकडा वाजवत, मोळीला दोर बांधत होते. विंच घुरघुरली, दोर ताणला. मोळी जागची हलली नाही. पुन्हा घुरघुर. दोर तडतडू लागला.

"आणखी जोर लाव!" कुणीतरी ओरडलं.

"नको!" रूबेन जिवाच्या आकांताने किंचाळला. "समोरून ओढलं की आणखी रुततं! फिरून पलीकडे जा आणि उलट्या बाजूने ओढा!"

सगळ्या माणसांनी वळून त्या चिखलात माखलेल्या शहरी पोराकडे पाहिलं. जाजांनी मान डोलावली. "पोरगं बरोबर बोलतंय. गाडी पलीकडे घ्या."

गाडी पलीकडे नेली. दोर पुन्हा ताणला. एक खोल, ओला आवाज आला आणि झाडांची अख्खी मोळी, आणि तिच्यात गुंतलेल्या बाकीच्याही, गाळ-गवत-झिरमिळ्यांसकट वर आल्या. क्षणभर पाणी थबकलं. आणि मग धो धो करत चरात घुसलं! फाटकाखालून, गवतातून, दूर पाणथळीच्या टोकापर्यंत ते पळत गेलं. लोकांनी टोप्या उडवल्या.

ऑस्टबीबाई गुडघाभर पाण्यात जाऊन गवताची एक जुडी घेऊन आल्या. काड्यांना साबुदाण्याएवढी अंडी चिकटली होती. काही पांढरी पडली होती, पण बाकीची स्वच्छ, काचेसारखी. एकात तर दोन काळे ठिपके दिसत होते.

"डोळे!" मार्ता कुजबुजली.

"हो, डोळे," ऑस्टबीबाई हसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण क्षणात गेला. "जिवंत आहेत! सोमवारपर्यंत थांबलो असतो ना, तर यातलं एकही उरलं नसतं."

संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचा वास दरवळत होता. राईचा पाव, कोबीची कोशिंबीर, चीजचे गरम तुकडे, सगळं हातोहात संपत होतं. मिस्टर बॉमगार्ट दोन घोंगड्या पांघरून उभे राहिले, दोनदा शिंकले आणि जाजांकडे वळले.

"लिओनार्ड, मी तुमची फळी नेली, मी झाडं बुडवली नाहीत, आणि वर तुम्हीच विसरलात म्हणालो. मला माफ करा. या तिघांनी जे पाहिलं ते आम्ही आठ जणांनी बघायला हवं होतं." त्यांनी मुलांकडे वळून पाहिलं. "मला एक सांगा, तुम्ही हे शिकलात कुठे?"

"वॉलाय पकडायला शिकता शिकता!" रूबेन तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला. हॉल हसून हसून लोटपोट झाला.

"किल्ली लिओनार्डकडेच राहील," ऑस्टबीबाई म्हणाल्या. "कुणाची हरकत?"

कुणाचीही नव्हती. जाजा उठले. "पुढच्या वर्षी फळ्या मी काढीन. पण मार्ता फाटकावर उभी राहून मोठ्याने मोजेल. सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने! आणि उद्या सकाळी रूबेनला मी शिकवणार. काय काय शिकवायचं त्याची ही यादी..." त्यांनी खिसे चाचपले. एक, दुसरा, तिसरा. "माझा चष्मा? आत्ता तर..."

हॉल एकदम शांत झाला. 

"जाजा," रूबेन म्हणाला, "कपाळावर आहे."

जाजांनी कपाळाला हात लावला. मग सगळ्यांत आधी तेच खदखदून हसले.

"चष्मा विसरतो बरं का मी!" ते डोळे पुसत म्हणाले. "फळ्या नाही!"